कोरी निघालेली चिठ्ठी

मिरजगाव माझं माहेर. तिथल्या सप्ताहात गेली काही वर्षं मी खुर्चीवर बसून कीर्तन ऐकत होते. पुढे सगळी माणसं मांडी घालून नामात रंगलेली, आणि आम्ही जाडजूड बायका मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, रुसलेल्या विहिणींसारख्या. देवाच्या दारी येऊन जमिनीला टेकता येत नाही, तर आपली भक्ती पोचते तरी का, अशी शंका मला खायला लागली होती. तरुणपणी मी चिपाडासारखी होते आणि अशा बायका बघून पदराआड हसायचे. वाटायचं, आपण बारीक आहोत ते आपल्या पुण्याईने. पुण्याई कसली, विहिरीचं पाणी ओढून आणि म्हशींचं शेण काढून कोण जाड होतंय? मुलाकडे शहरात, सावेडीत राहायला आले, नळ घरात आला, आणि ती पुण्याई कमरेभोवती साठायला लागली. त्यात माझे उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि दर उपवासाला ताटभर साबुदाण्याची खिचडी. देवासाठी उपाशी राहून शुगर वाढवणारी बाई मीच.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सून मला शुगरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. गोळ्या आणि पथ्य यांनी वजन हलेना, म्हणून आठवड्यातून एकदा पोटात घ्यायच्या इंजेक्शनचा विषय निघाला. त्यात दोन प्रकार होते, एक जुनं आणि एक नवं. दोन्हींनी भूक कमी होते, शुगर उतरते, सुरुवातीला मळमळतं. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, मला कधी स्वादुपिंडाची सूज आली होती का, असं सगळं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले आणि हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "आजी, आधी डोळ्यांचा पडदा तपासून या. तो आधीच अधू असला आणि शुगर एकदम उतरली, तर जास्त बिघडू शकतो. रिपोर्ट बघू, मग दोन्हींतलं ठरवू."

"बाई, सुई पोटात घ्यायची आहे, डोळ्यात नाही," मी म्हणाले. त्या हसल्या, पण आपलं म्हणणं काही सोडलं नाही.

मी डोळे तपासायला गेलेच नाही. सप्ताह जवळ आला होता आणि मला त्या वर्षी जमिनीवर बसायचं होतं. शेजारच्या बाई जुनं चांगलं म्हणत, त्यांच्या नणंदेला नवं लागू पडलेलं. शेवटी मी आमच्याकडची रीत धरली. शेताची वाटणी असो की पोरीचं स्थळ, निकाल लागेना की देवापुढे चिठ्ठ्या टाकायच्या. नवी नवरी होते तेव्हा मी भाजीसाठीसुद्धा टाकायची. वांगं निघालं की पुन्हा टाकायची, मेथी निघेपर्यंत. याला मी देवावर भार टाकणं म्हणायची.

तर एका सकाळी 'जुनं' आणि 'नवं' अशा दोन चिठ्ठ्या लिहून देवापुढे ठेवल्या. धूप घातला. त्याचा धूर उजव्या डोळ्यात गेला, तो मिटून घेतला आणि तशीच एक चिठ्ठी उचलून उघडली. चिठ्ठी कोरी. अक्षर नाही, नुसता मधोमध राखेसारखा डाग. अंगावर काटा आला. देव म्हणतोय, दोन्ही नकोत. मी हात जोडून बसून राहिले. तेवढ्यात सून चहाचं विचारायला आली. तिला चिठ्ठी दाखवली.

ती म्हणाली, "आई, कोरी कुठंय? 'जुनं' लिहिलंय की. तुमचंच अक्षर आहे."

धुराची आग थांबली होती. उजवा डोळा उघडला, तर अक्षर होतं. मिटला, तर गेलं. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग मात्र मला घाम फुटला. रोज पोथी वाचणाऱ्या मला कळलंच नव्हतं, की इतके दिवस एकटा उजवा डोळाच वाचत होता.

त्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या पडद्यावर रक्त आणि पाणी साचलं होतं. अजून उपाय होण्यासारखा आहे, असं ते म्हणाले. उपाय काय, तर डोळ्यात इंजेक्शन. मी हसायला लागले. डॉक्टर गोंधळले, सुनेने त्यांना माझं बोलणं सांगितलं. सुई घेताना मी नाम घेत होते. थोडा दाब जाणवला, एवढंच. मग पुन्हा काही वेळा जावं लागलं. डाग फिका होत गेला. अक्षरं आधी वाकडी दिसली, मग हळूहळू सरळ उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि मला समजावलं. जुन्या इंजेक्शनच्या चाचण्यांत लोकांच्या डोळ्यांच्या तक्रारी जास्त दिसल्या होत्या, म्हणून माझ्यासाठी नवं धरू, तेही सगळ्यात कमी मात्रेपासून, सावकाश. डोळे मधूनमधून दाखवायचे. उपवास करायचा तर आधी त्यांना विचारून. या वेळी मी सगळं ऐकलं. मळमळलं, तेही सोसलं. आता खिचडी ताटात उरते आणि मला तिची कीव येत नाही.

त्या वर्षीचा सप्ताह खुर्चीवरच गेला. यंदा मात्र मागच्या खांबाला टेकून मी जमिनीवर बसले. भावजयीने पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं, खाली बसल्या व्हय? मग उठवायला टेम्पो आनू का?"

"आण," मी म्हणाले, "पण कीर्तन संपल्यावर."

हा धुराचा खेळ होता असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालत नाही. कागदावर 'जुनं' लिहिलेलं होतं आणि देवाने मला ते वाचू दिलं नाही, एवढंच मला ठाऊक आहे. पूर्वी माझं काम त्याच्या अंगावर टाकून मोकळं होणं, याला मी शरण जाणं समजायची. आता तो ज्यांना पाठवतो त्यांचं ऐकते. चिठ्ठ्या टाकत नाही, भाजी सून ठरवते. रोज पूजा झाली की आधी एक डोळा झाकून त्याच्याकडे बघते, मग दुसरा. दोन्हींनी दिसतो. मग हात जोडते.