ज्याचं कुलूप त्यानंच खोलावं

"उजव्या फेफड्यात पान्याची गाठ आहे. हायडॅटिड सिस्ट," डाक्टरनं फोटो उजेडात धरून सांगतलं. म्हंजे कुत्र्याच्या जंताचं अंडं आपल्या पोटात जाते अन् आत गाठ फुगते. आमच्या रुआबांधा वस्तीच्या गल्लीत मी कुत्र्याईले पोळी चारतो अन् त्याच हातानं आपली खातो. पुण्य कराले गेलो, ते छातीत जाऊन बसलं.

खोकला तं कवाचाच होता. मले वाटलं, काम करतो त्या स्टील प्लांटची धूळ आहे. मोठा शहाणा, गुळानं धूळ उतरते म्हणून गूळ खात बसलो.

आपरेशनच्या आदल्या दिवशी बेहोशीवाले डाक्टर आले. म्हणे, "वन-लंग व्हेंटिलेशन करू." गाठवालं फेफडं बंद ठेवाचं, मशीननं एकाच फेफड्यात सास भराची. रक्तबी पातळ कराचं, त्याले हिमोडायल्यूशन म्हणतात. आपलंच थोडं रक्त काढून थैलीत ठेवतात, बदल्यात सलाईन देतात. मंग वाहिलं तं पातळ वाहते, घट्ट रक्त नंतर परत भेटते.

मी म्हटलं, "साहेब, पाव्हणे आले की आमची कांता वरणात पानी टाकते. भांडं भरते, दाळ तेवढीच राह्यते."

कांता माही बायको, बाजूलेच उभी. तिनं चिमटा घेतला.

डाक्टर हसले नाही. "त्याचंच भेव आहे. ऑक्सिजन त्या दाळीतच राह्यते. एकच फेफडं चालू असतानी रक्त जास्त पातळ झालं, तं ऑक्सिजन कमी पडू शकते. म्हणून थोडंच करू, नजर ठेवू."

माही मस्करी तिथंच बसली.

प्लांटात आमचा नियम आहे. दुरुस्तीले मशीनीत शिराच्या पहिले स्विचले आपलं कुलूप लावाचं, चावी खिशात. आपण बाहेर येऊन खोलेपर्यंत कोनी मशीन चालू करत नाही. आपरेशनच्या सकाळी मी वार्डातल्या पलंगाच्या कठड्याले माहं कुलूप लावलं, चावी कांताले देल्ली. "आता मले परत यावंच लागन."

"अजी, इथंबी नाटकं!" ती म्हणे. पन चावी पदराले बांधली.

जाग आली तं आयसीयूत होतो, छातीत नळी, तोंडावर मास्क. आपरेशनच्या मधात ऑक्सिजन घसरला होता म्हणे. बंद फेफडं थोडा वेळ फुगवलं, थैलीतलं रक्त लवकर परत देल्लं, तवा वर आला.

कांता काचेपल्याडून दिसे. जलमभर बडबड करनारी बाई, नुसती पाहे. तिच्या शिव्याईसाठी जीव तरसे. ज्या पातळ वरणाले नावं ठेवली, त्याचाच वास मास्कमधे ये.

एक दिवस वार्डची सिस्टर तणतणत आली. "भैया, आपके पलंग का कठड़ा नीचे नहीं होता! नए मरीज को दूसरा पलंग देना पड़ा। घरवाली चाबी नहीं देती, कहती है, जिसका ताला वही खोलेगा।"

हसाले गेलो तं टाके दुखले. मंग रडाले लागलो, तवाबी तेच दुखले.

तुमच्यावर पाळी आली तं बेहोशीवाल्या डाक्टरले सगळं विचारा, लाजू नका. त्याच्याच भरवशावर मी सास घेऊन राहिलो. फक्त कुलूप नेऊ नका.

वार्डात त्याच पलंगापाशी परत आणलं तवा कांतानं चावी हातात देल्ली. माह्यानं चावी भोकात जाईना. सिस्टर मदतीले सरकली, तं कांतानं तिचा हात धरला.

"खोला ना जी," ती म्हणे. "घरी जाचं आहे मले."