फोनवरचा ठिपका

साखरपुडा माझा मी मोडला. गावात अजूनही "पोरीचं मोडलं" म्हणून हळहळतात, म्हणून एकदाच नीट सांगते.

मी कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होते. ठरलेला मुलगा औंढ्याचा, कंपनीत कामाला. साखरपुडा झाल्या झाल्या त्याने माझ्या फोनचं लोकेशन आपल्या फोनवर सुरू करून घेतलं. "काळजी वाटते गं," म्हणाला. मलाही ते गोडच वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे घरी पोचायला जरा उशीर झाला की फोन यायचा, कुणाशी बोलत होतीस? तेही मी प्रेमातच धरत गेले.

भातलावणीच्या दिवसांत एकदा ड्यूटी संपवून थेट वडिवळ्याला आमच्या खाचरात आई-वडिलांच्या जोडीला उतरले. फोनची बॅटरी हॉटेलातच संपली होती. त्याच्या फोनवर माझा ठिपका संध्याकाळपर्यंत हॉटेलावरच अडकून राहिला.

उजेड असतानाच त्याची गाडी बांधाला लागली. मला चिखलात बघून त्याचा चेहरा खुलला. "हितं हाईस व्हय! आत्ताच हॉटेलात जाऊन आलो. मॅनेजरला म्हटलं, कुठल्या रूममधी हाय ती?"

उद्या त्याच काउंटरवर मला उभं राहायचं होतं.

"आणि मी हितं सापडले नसते तर?"

"सापडलीस ना? मग झालं की!"

तो हसत होता. जणू मी परीक्षेत पास झाले होते!

चिखलात पडू नये म्हणून अंगठी आईकडे ठेवली होती, ती मागितली. आईने पिशवी घट्ट धरली. "आगं, लोक काय म्हंतील? पाया पडते तुझ्या."

वडील रोपांची जुडी खाली ठेवून ताठ झाले. "दे तिला. मागती न्हवं?"

"मामा, तुमी तरी तिला इचारा, फोन का बंद व्हता ते," तो म्हणाला.

"मला न्हाई इचारायचं, पाव्हणं. माझी पोर हाय ती."

मी हातसुद्धा न धुता अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली. आई रडत होती, वडील पुन्हा लावणीला वाकले.

वडिलांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. पण माझ्यावर असा विश्वास टाकणारा भेटला तर लग्न करीन. नाही भेटला तर नाही करणार. हळहळणाऱ्यांनी खुशाल हळहळावं.