पांढऱ्या रानमेथीचा कागद

मध्यभारत राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि छत्रीबागेतल्या कुमुदिनीला एकाच गोष्टीचा ध्यास लागला होता. कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचं एक कपाट होतं; एकेका कागदावर एकेक झाड चिकटवलेलं आणि खाली ते शोधून आणणाऱ्याचं नाव. त्यातल्या एका तरी कागदावर आपलं नाव लागावं! तिथं एकाही मुलीचं नाव नव्हतं. वर्गातली मुलं तिला हसायची. हसू देत बापडी!

सांवेरला मावशीकडे गेली असताना गव्हाच्या शेतात तिला दोन रानमेथ्या दिसल्या. दोघींना मेथीसारखीच तीन-तीन पानं. पण एक जेमतेम गुडघ्याएवढी, पिवळ्या फुलांची, आणि दुसरी पाटाच्या कडेला पार खांद्याला लागणारी, पांढऱ्या फुलांची. पांढरी काही कपाटात नव्हती. कुमुदिनी हरखून गेली. तिचे आबा पूर्वी दरबारात मोडी कारकून होते. त्यांच्या जुन्या दप्तरांच्या पुठ्ठ्यांत तिनं झाडं दाबली. पुठ्ठे पडले लहान, म्हणून पांढरीचा नुसता शेंडाच खुडून घेतला. इथंच बाईसाहेब फसल्या.

वाळल्यावर पांढरी फुलंही पिवळट पडली, आणि उंची तर शेतातच राहिली. वनस्पतिशास्त्राच्या जयसिंगराव सरांनी दोन्ही कागद शेजारी धरले.

"अहो कुमुदिनीबाई, दोन्ही एकच आहेत नं! पांढरं होतं म्हणता, पण दिसतंय तर पिवळंच. फालतू बखेडा कशाला?"

घरी येऊन ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसले, आबांचं मोडी वाचायचं भिंग उचललं आणि दोन्ही झाडांच्या शेंगा चोळून बी काढलं.

"आबा, बघा तर! पिवळीचं बी खरबरीत, आणि पांढरीचं एकदम चिकनं!"

आबांना काडीचंही कळलं नाही, पण "वा भई वा!" असं त्यांनी मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माणूस दिलदार. अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, "गलती माझी. बी वेगळं म्हणजे जातच वेगळी, आणि मी शेंग उघडलीच नाही. कागदावर नाव घाला, तुमच्याच हातानं."

तिनं टाक उचलला. नाव ठसठशीत उमटलं. हसणारी मुलं ते वाचायला पुढं वाकली.

घराच्या पायरीवरूनच ती ओरडली, "आबा, लागलं नाव!"

आबा तसेच अनवाणी गल्लीत आले आणि दिसेल त्याला थांबवून सांगू लागले, "सांवेरची पांढरी रानमेथी बघायची असेल, तर आमच्या पोरीचं नाव वाचावं लागेल!"