दादाच्या सॅकचं वजन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या बाजारात नायलॉनची दोरी घेत होतो. फोन पुतण्याचा होता, नितीनचा. "काका, बाबा गेले. चहा घेतला आणि ओट्यावर बसल्या बसल्याच..." मी "बरं" म्हणालो. दुकानदार दोन्ही हात पसरून वाव मोजत होता, सहापर्यंत आला होता. मी त्याला म्हटलं, अजून दोन वाव द्या. दादाने आठ वाव सांगितली होती, बारीक दोरी सांगितली होती, आणि मे महिन्याच्या मुक्कामाला अजून पुरते चार आठवडेही राहिले नव्हते. दोरी पिशवीत टाकून मी महाडची एसटी पकडली. वाटेत मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो, की दोरी जरा जाड आली, आता दादा बडबडणार. आज सात आठवडे होऊन गेले. घरची माणसं विचारतात, तू रडलास का? नाही रडलो. का ते मला सांगता येत नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पोस्टमन होता. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांमध्ये, उमरठच्या बाजूला, त्याने आयुष्यभर पायी टपाल वाटलं. मी शाळेत शिकवतो, उभा राहून बोलतो आणि बसून पेपर तपासतो. त्यामुळे ओझं या विषयात मला काही कळत नाही हे त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. त्याच्या मते माणसाची पारख त्याने खांद्यावर काय घेतलं यावरून नव्हे, तर काय घरी ठेवलं यावरून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नितीन बायको आणि मुलीला घेऊन पुण्याहून यायचा आणि आम्ही दोन्ही घरांतली सात माणसं वरंधच्या वर दोन रात्री मुक्कामाला जायचो. तिथे वहिनींच्या माहेरची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे, चार आंब्याची झाडं आणि एक बारमाही झरा. वर गाडी जात नाही. तासभर चढण. जे लागेल ते पाठीवर.

या मुक्कामाची तयारी दादा एप्रिलमध्येच सुरू करायचा. स्वयंपाकघराच्या दारात ताणकाटा टांगायचा आणि एकेक वस्तू त्याला लटकवून बघायचा. तंबू त्याने कधी घेतला नाही, ताडपत्री आणि दोरी बास. टोपात टोप, त्या टोपात पातेलं, पातेल्यात चहाची गाळणी आणि गाळणीत मिठाची पुडी. गॅसची शेगडी नको, वर तीन दगड फुकट मिळतात. काडेपेटी औषधाच्या रिकाम्या बाटलीत, म्हणजे दवाने सादळत नाही. आंघोळीचा साबण निम्मा कापून. सतरंजी बाद, प्रत्येकाला एक चादर. लुंगी मात्र दोन, कारण लुंगी म्हणजे पंचा, झोळी, आडोसा, उशी आणि भांडी उचलायचं फडकं. सुकट, पोहे, तांदळाचं पीठ, कांदे. बाकी काय लागतं, असं विचारून तो आमच्या तोंडाकडे बघायचा, आणि कुणी काही सांगितलं की म्हणायचा, "लागत नाय. लागंलसं वाटतं फक्त." माझी बायको त्याला भाऊजी म्हणायची आणि त्याच्या पाठीमागे काटेमास्तर.

ही सगळी शिधासामग्री एका छोट्या निळ्या पिंपात भरली जायची, फिरकीच्या झाकणाचं, पाणी न शिरणारं. महाडात अशी पिंपं घरोघरी असतात. नदी बाजारात शिरते तेव्हा घरातले कागद वाचवायला दुसरं साधन नाही. आमच्याकडे अशी दोन पिंपं माळ्यावर शेजारी शेजारी असायची, एक मुक्कामाचं आणि एक पुराचं. तीन वर्षांपूर्वी माळ्यावरून पिंप काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी पुराचं पिंप काढलं. वजन साधारण तेवढंच. झाकण घट्ट. वर पोचल्यावर, आंब्याखाली, सगळे भुकेले, मी झाकण फिरवलं तर आत सातबाराचे उतारे, रेशनकार्ड, नितीनची दहावीपासूनची प्रमाणपत्रं आणि वहिनींच्या लग्नाचा फोटो. तांदूळ नाही, सुकट नाही, मीठसुद्धा नाही. आम्ही हसून हसून लोळलो. नितीन एकेक कागद काढून मोठ्याने वाचायला लागला तसा दादा उठला, त्याच्या हातातून कागद हिसकावले, आत कोंबले आणि झाकण बसवलं. "कागद खेळायला नसतात," म्हणाला. आवाज चढला होता. दादाचा आवाज कधी चढत नसे. पिंप त्याने दोन्ही दिवस आपल्या उशाशी ठेवलं. आम्हाला वाटलं, पोस्टमन माणूस, कागद म्हटला की जीव गोळा होतो. त्या दिवशी खालून वहिनींच्या भावाने भाकऱ्या पाठवल्या आणि आम्ही कच्च्या कैऱ्यांबरोबर खाल्ल्या. ती गोष्ट आम्ही पुढे प्रत्येक लग्नाकार्यात सांगितली. दादा ऐकायचा, हसायचा नाही.

त्याच सुमारास त्याचं वजनाचं वेड वाढत गेलं. आधी मोठा टोप गेला. मग दुसरी लुंगी. मग ताडपत्री मधोमध कापून अर्धी घरी. दरवर्षी त्याची सॅक थोडी हलकी, आणि काढलेली प्रत्येक वस्तू नितीनच्या किंवा माझ्या सॅकमध्ये जायची नाही, ती रद्दच व्हायची. मी वैतागलो. पन्नाशीच्या माणसाने दोन दिवस दगडावर का बसायचं? गेल्या वर्षी मी महाडच्या बाजारातून एक घडीची खुर्ची आणली, लोखंडी नळ्यांची. दादाने काट्याला लावली आणि परत माझ्या हातात दिली. निघायच्या दिवशी मी ती खुर्ची गुपचूप त्याच्याच सॅकमध्ये, चादरींच्या खाली सरकवली. गंमत म्हणून. काटेमास्तरला कळतं का बघू, एवढंच मनात होतं... वर पोचल्यावर त्याने सॅक उघडली, खुर्ची काढली, झाडाखाली मांडली आणि मला म्हणाला, "बस. तुझीच हाय." मी बसलो. चांगला पाय पसरून बसलो.

तेरावं झाल्यावर दाखले, पेन्शन यांच्यासाठी कागद लागले म्हणून नितीनने पुराचं पिंप खाली काढलं. सातबाराच्या खाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद निघाले. चार वर्षांपूर्वीचे. हृदयाची झडप नीट मिटत नाही, असं काहीतरी, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात दोन ओळी, चढण वर्ज्य, ओझं वर्ज्य. नितीनने ते वाचलं आणि माझ्याकडे दिलं. मीही वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं, पेपर तपासावा तसं. मला आठवली ती खुर्ची. तिचं वजन मला पाठ होतं, कारण काट्याला लावताना मी शेजारीच उभा होतो.

मला काय हवं होतं ते स्पष्ट लिहितो. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की खुर्चीमुळे काही झालं नाही. किंवा झालं, असं तरी. डॉक्टरांना विचारावं असं वाटलं, पण डॉक्टर काय सांगणार, एक वर्ष होत आलं होतं. मला ते दादाकडून ऐकायचं होतं आणि ते शक्य नव्हतं. मग मी वहिनींना विचारलं. त्या परसात वाल निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"होय. शपथ घातली व्हती त्यांनी."

"मग चढू कसं दिलंत?"

"मी कोन देनारी, भावजी? जल्म गेला त्यांचा डोंगरात. खाली बसून ऱ्हायलो तर आजच मेलो समज, असं म्हनाले."

मी खुर्चीचं सांगितलं. कशी ठेवली, का ठेवली, सगळं. वहिनींचे हात थांबले नाहीत. खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "म्हायत व्हतं त्यांना. सॅक उचलली तवाच कळलं. मी म्हटलं, काढा. तर नको म्हनाले, त्याला हौस हाय, ऱ्हावं दे." मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काहीतरी होईल, निदान हलकं वाटेल. काही झालं नाही. मी त्यांच्या सुपातले वाल बघत बसलो. मग विचारलं, की खुर्चीसकट तो वर पोचला कसा, आम्हाला कुणालाच काही दिसलं कसं नाही. वहिनी म्हणाल्या, "थांबत थांबत. पोरीला काय काय दाखवत न्यायचे, ते काय पोरीसाठी नव्हतं." तो थांबायचा ती तीन ठिकाणं माझ्या डोळ्यांसमोर आली. पहिल्या वळणावर कड्याला लागलेलं आग्या मोहोळ. पुढे खडकावरून दिसणारा वरंध घाटाचा रस्ता, त्यावरच्या गाड्या मोजायच्या. आणि शेवटच्या चढाआधी करवंदीची जाळी. दरवर्षी तिथे सॅक टेकवून तो नितीनच्या मुलीला, ओवीला, काहीबाही सांगायचा आणि मी मागे उभा राहून घड्याळ बघायचो. उशीर होतोय, चल ना, असंही म्हणालो आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

यंदा जायचं की नाही, यावर घरात कुणी बोलेना. वर्ष व्हायचं आहे, भावकी काय म्हणेल, असं माझ्या बायकोने एकदा म्हणून पाहिलं. वहिनी माळ्यावर चढल्या आणि त्यांनी पिंप खाली घेतलं. या वेळी झाकण उघडून आत काय आहे ते बघूनच भरलं. मे महिन्याच्या अखेरीला आम्ही सहाजण निघालो. सॅक मी भरल्या, आणि दादाच्या वाटणीचं ओझं मी घेतलं. ते इतकं हलकं होतं की मला लाज वाटली.

पहिल्या वळणावर मी पुढे होतो. मोहोळ यंदा नव्हतं, कड्यावर नुसता काळा डाग होता. दाखवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे थांबायचं कारण नव्हतं. तरी पाठीमागे पावलांचा आवाज बंद झाला म्हणून मी वळून पाहिलं. नितीनने सॅक खाली टेकवली होती. त्याची बायको उभी होती, माझी बायको उभी होती, ओवी कड्याकडे बघत उभी होती. कुणीच दमलेलं नव्हतं. चढायला लागून आम्हाला अजून वीस मिनिटंही झाली नसतील. मीही सॅक उतरवली आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. वहिनी जरा बाजूला, वाटेच्या कडेला होत्या, त्यांची नजर खाली जमिनीवर होती, अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतात. मग त्यांनी मान वर केली.

"चला," त्या म्हणाल्या. "यवढाच येळ लागायचा त्यांना."