अक्काची लायसन्सची परीक्षा

लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला धुळ्याच्या आरटीओबाहेरची झेरॉक्सची टपरी आणि माझी थोरली बहीण आठवते. शिंदखेड्याजवळच्या गावात ती अंगणवाडी सेविका होती आणि स्कूटीच्या लर्निंग लायसन्सच्या कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत नुकतीच नापास झाली होती. टपरीवरचा एजंट तिला म्हणाला, "अक्का, तुम्ही नुसत्या बसा, बठ्ठा उत्तरं मी दाबी देसू." ती म्हणाली, "आनि रस्तावर कोन दाबी? मना मांगे मनी पोर बसनार शे." पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता ओलांडताना दिसला तर काय कराल, या प्रश्नाला तिने 'हॉर्न वाजवू' असं उत्तर दिलं होतं, आणि ते का चुकलं हे तिला कळत नव्हतं. घरी आल्यावर तिने डोळ्यांना ओढणी बांधली, अंगणात चालू लागली आणि मला मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजवायला सांगितला. मी वाजवला तशी ती जागीच थिजली, हवेत हात चाचपडत राहिली. "कोनतीकडे सरकू तेच समजत नही," ओढणी सोडत ती म्हणाली, "गाडीच थांबाडनी पडी." मग आठ दिवस, मुलं घरी गेली की ती अंगणवाडीच्या फरशीवर खडूने रस्त्याची चिन्हं काढायची आणि प्रत्येकाचं कारण शोधायची. पुढच्या वेळी ती पास होऊन बाहेर आली, तेव्हा मी तिची फाइल धरून उभा होतो. माझ्या खिशातलं लायसन्स मी एकाही प्रश्नाचं उत्तर न देता मिळवलं होतं. ते तिला सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.