जाऊबाईंची फळी

मागच्या हिवाळ्यात मी आणि मोठ्या जाऊबाई भातकुलीहून गोव्याला गेलो. समुद्र दोघीही पहिल्यांदाच पाहत होतो. लोक फळीवर उभे राहून लाटेवरून येत होते. जाऊबाईंनी एक फळी भाड्याने घेतली आणि तिच्यावर पालथ्या झोपल्या.

शिकवणारा म्हणाला, "आंटी, आता उभ्या राहा."

"काहून? घरी दिवसभर उभंच राहा लागते. मले असंच पडून बरं वाटून राहिलं."

तो हसला आणि लाट आली की नुसती फळी ढकलू लागला. जाऊबाई ओरडत किनाऱ्याला यायच्या आणि लगेच पुन्हा पाण्यात जायच्या. मी नारळपाणी पीत वाळूत बसले होते. ऊन उतरल्यावर त्या म्हणाल्या, "आता तू जाय." मी ओढणी कमरेला बांधली आणि फळी घेतली.