साठ की शंभर

मारुतराव शेंडकर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि दौंडची कॉलनी सोडून न्हावऱ्याला आले. आल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. गावाला वाटलं, नातवंडांचे फोटो निघतील. निघाले ते किड्यांचे.

घरी अर्धा एकर बियाण्याचा कांदा होता. पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्या येतात, त्यांच्यामुळंच बी भरतं, असं ते दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. त्या माश्या जवळून टिपायच्या म्हणून मॅक्रो लेन्स घ्यायची ठरली. साठ एमएम की शंभर, इथं गाडी अडली.

दौंडला रश्मीचा फोटो स्टुडिओ होता. तिनं दोन्ही लेन्स पुढं ठेवल्या.

"मामा, किडा दोन्हींत तेवढाच मोठा दिसतो. साठ घेतली तर चार बोटांवर जावं लागतं. शंभरला वीतभर लांबून भागतं."

"मग शंभरच."

"जड हाय. हात हलला की फोटो गेला. आठवडाभर दोन्ही न्या आन् मग ठरवा."

साठ हलकी होती, पण गोंड्यावर लेन्सची सावली पडायची आणि माशी उडून जायची. तीन दिवसांत एक फोटो धड आला नाही. चौथ्या दिवशी शंभर लावली. माशी बसून राहिली, पण मारुतरावांचा हात थरथरला. खुरपायला आलेल्या सोजराबाईंनी नवऱ्याची खटपट पाहिली.

"काठीला टेका की कॅमेरा. हात कशाला शिणवताय?"

त्यांनी बांबू रोवला, त्याला टेकून श्वास रोखला आणि बटण दाबलं.

घरी फोटो मोठा केला. पंख दोनच होते. डोळे डोकंभर, मिशा आखूड. मधमाशीला पंख चार असतात.

"ही माशी हाय, मधमाशी न्हाई," मारुतराव म्हणाले.

"म्हंजी घरातली?"

"न्हाई. पट्ट्यांची, फुलावरची."

पुढच्या आठ दिवसांत त्यांनी दोनशेवर फोटो काढले. मधमाश्या होत्या, पण दर पाचांत तीन माश्याच, आणि त्यांच्याही अंगाला पराग चिकटलेले. त्यांनी गोंडे फुललेले असेतोवर कीटकनाशकाची फवारणी थांबवली. साठची लेन्स परत केली, शंभरची घेतली.

मग शेतकऱ्यांच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकून लिहिलं, "दोन वर्षं मी चुकीचं सांगत होतो. यातल्या बऱ्याच मधमाश्या नाहीत, फुलावरच्या माश्या आहेत, आणि त्यांच्यामुळंही बी भरतं. त्यांनाही मारू नका." खाली तिघांनी अंगठा दाखवला. एकानं विचारलं, लेन्स केवढ्याला पडली.